बारा नावांत नसलेला कप्तान

प्रत्येक गावाच्या आयुष्यात एक सुवर्णकाळ येतो, असं इतिहास सांगतो. अहमदपूरच्याही आला होता. तो चार दिवस टिकला, आणि घडला सांगलीत. गावाला तो पाचव्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडून कळला.

खो-खोच्या राज्य स्पर्धेत आमच्या गावचा संघ पहिला आला होता. त्याआधीचा आमचा क्रीडा-इतिहास तसा आटोपशीर आहे. एक नामांकित पैलवान होता, तो पुढे चौकशीअंती रेणापूरचा निघाला. एक सायकलपटू होता, तो चौकात तीन दिवस तीन रात्री न उतरता सायकल फिरवत राहिला आणि सत्काराचा हार गळ्यात पडताच तोल जाऊन पडला. आणि व्हॉलीबॉलचा एक संघ होता, त्याने मुदखेडला जाऊन रेल्वेवाल्यांशी बरोबरी केली म्हणतात. व्हॉलीबॉलमध्ये बरोबरी होत नाही, पण सांगणारे वयस्कर आहेत.

त्या खो-खोच्या संघाचा कप्तान व्यंकट. नाव व्यंकट असलं तरी गेली पस्तीस वर्षं गावात त्याला कुणी त्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, आडते, हमाल, चहावाला, शाळेतली पोरं, सगळ्यांचा तो कप्तान. बँकेत नवे आलेले एक साहेब त्याला मोठ्या अदबीने म्हणाले होते, "बसा कॅप्टन. कोणत्या रेजिमेंटला होतात?"

"खो-खोला," कप्तान म्हणाला. साहेबांनी खुर्ची परत घेतली नाही, पण चहाही मागवला नाही.

पोटासाठी तो मोंढ्यात तोलारी होता, म्हणजे आडतीवर आलेल्या मालाचं वजन करायचा. सोयाबीनची पोती काट्यावर चढवायची, आकडा मोठ्याने सांगायचा, पोती उतरवायची. अंगाने काटक, उंचीने बेताचा, गुडघे मात्र माणसापेक्षा मोठे. चालायचा चवड्यांवर. आणि बसायचा कधीच नीट नाही. लग्नात पुढच्या रांगेतली खुर्ची दिली तरी कडेला टेकायचा, एक पाय पुढे, हात गुडघ्याखाली, जणू कुणीतरी मागून येऊन खो देणार आहे आणि आपल्याला उठून पळायचं आहे. मोंढ्यातले हमाल ही गंमत करायचे. तो पाठमोरा बसलेला असला की हळूच पाठीला हात लावून "खो!" म्हणायचे. कप्तान ताडकन उठायचा, चार पावलं पळायचा, मग थांबून हसायचा.

"अंगाला सवय हाय त्याला. मला इचारून थोडंच उठतंय ते," असं म्हणायचा.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एक नियम असतो. एकदा ज्या दिशेला निघालात त्याच दिशेने खांबापर्यंत जायचं, मध्येच मागे फिरायचं नाही. कप्तानाने हा नियम बाजारहाटालाही लावला होता. दुकान चुकून मागे राहिलं तर तो वळायचा नाही. सरळ बसस्टँडपर्यंत जायचा, तिथल्या फाटकाला हात लावायचा आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने परत यायचा. पावशेर साखरेसाठी त्याला मी दीड किलोमीटर चालताना पाहिलं आहे. मी एकदा विचारलं, "अहो, दोन पावलं मागं सरलं तर काय बिघडतं?" त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या पुजाऱ्याला देवळात चपला घालून जायला सांगितलं असावं.

"फाऊल हाय ते, सर."

अंतिम सामना मी पाहिलेला नाही. मी तेव्हा इथल्या कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच आलो होतो. पण तो मी इतक्यांदा ऐकला आहे, की साक्ष देऊ शकेन. शेवटच्या पाळीत आमचे सगळे गडी बाद झाले होते, एकटा कप्तान उरला होता, आणि शिट्टी होईपर्यंत तो सापडला नाही. बस एवढंच. ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढे काहीतरी येईल. येत नाही. एक माणूस नऊ जणांना सापडला नाही, ही त्या सामन्याची सगळी गोष्ट.

खरी गोष्ट त्याआधी एसटीत घडली होती. जाताना संघाचा फॉर्म भरायचा राहिला होता. संघासोबत आलेल्या शाळेच्या मास्तरांना गाडी लागायची, म्हणून त्यांनी कागद कप्तानाकडे दिला. अक्षरही त्याचंच बरं. फॉर्मवर खेळाडूंच्या नावांसाठी बारा ओळी आणि खाली संघनायकाच्या सहीला जागा. आता आपल्याकडची रीत अशी, की घरचं कार्य असलं की घरच्या माणसाने शेवटच्या पंगतीला बसायचं. आधी पाहुणे, मग गाव, मग आपण. कप्तानाने त्याच हिशोबाने फॉर्म भरला. आधी सगळ्यांची नावं, आपलं शेवटी. वर्षभर सरावाची हजेरी तोच घ्यायचा, त्या क्रमाने हात चालला आणि त्या ओघात बालाजीचंही नाव पडलं. बालाजी सरावाला वर्षभर होता, पण निघायच्या आदल्या दिवशी त्याचा पाय मुरगळला. तो गाडीत होता तो पाण्याची कळशी आणि सामान सांभाळायला. बाराव्या नावाला ओळी संपल्या. कप्तानाने खाली संघनायक म्हणून झोकात सही ठोकली, आणि ती सही म्हणजेच आपलं नाव, असं समजून कागद घडी करून ठेवला.

चार दिवस तो खेळला. नाणेफेकीला तोच गेला, कागद देणारा तोच. कप्तानाचं नाव यादीत आहे का, हे कप्तानाला कोण विचारणार?

चार महिन्यांनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा आला. बारा होती. कप्तानाचं नव्हतं. सगळे शाळेच्या व्हरांड्यात उभे होते. बालाजी आपला कागद पुढे करून म्हणाला, "कप्तान, हे तुमचंय."

कप्तान म्हणाला, "राहू दे की. पुढच्या वर्षी बी जिंकूच."

पुढचं वर्ष आलंच नाही. म्हणजे आलं, पण संघ नव्हता. त्या काळी खेळाच्या प्रमाणपत्रावर भरतीत झुकतं माप मिळायचं. राज्यात पहिला आल्याचा कागद हातात पडला आणि वर्षा-दोन वर्षांत बारापैकी दहा जण नोकरीला लागले. कुणी पोलिसात, कुणी एसटीत, कुणी कचेरीत. उरलेले दोघे त्या दहांचं पाहून पुण्याला गेले. आमच्या गावचा संघ हरून मोडला नाही, जिंकून मोडला. कप्तान एकेकाला बसस्टँडवर सोडायला जायचा. सगळ्यांच्या लग्नांना गेला, बारा लग्नं. त्याचं स्वतःचं जमलं नाही. मुलीकडचे येत, चहा घेत, आणि विचारत, "नोकरीचं काय?" एका मुलीच्या बापाने तर संघाचा फोटो पाहून म्हटलं होतं, "ह्यातला दुसरा कोणी रिकामा हाय का?" कप्तान ही गोष्ट स्वतः सांगायचा, आणि पहिला तोच हसायचा.

आई होती तोवर घरात दोन ताटं लागायची. ती गेल्यावर मोंढ्यामागच्या त्या दोन खोल्यांत कप्तान आणि खो-खोचे दोन खांब राहिले. खांब घरात, कारण मैदानावर ठेवले की मंडपवाले नेत. भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे. दिवाळीला तो त्यांना एरंडेल लावायचा. रोज संध्याकाळी पाचला ते सायकलला बांधून शाळेच्या मैदानावर न्यायचा, पुरायचा, डब्यातून चुन्याची फक्की सोडत मैदान आखायचा, आणि वाट बघायचा.

सुरुवातीला पोरं यायची. मग शिकवण्या आल्या. मग आईबापांनी कळत्या पोरांना अकरावीसाठी लातूरला नाहीतर नांदेडला ठेवायला सुरुवात केली, आणि त्याच्या तयारीसाठी आठवीपासूनच संध्याकाळ गेली. तक्रार करायचा अधिकार मला नाही, माझी दोन्ही मुलं त्यातच गेली. कप्तान मात्र रोज आखायचा. एकदा फिरायला गेलो असताना पाहिलं, मैदानावर फक्त दोन मुली आल्या होत्या. खो-खोला आठ जण ओळीने बसावे लागतात आणि नववा पळतो. कप्तानाने आठ चौकोनांत आठ विटा मांडल्या होत्या, एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे, नियमाप्रमाणे. एक मुलगी पळत होती, दुसरी तिच्या मागे. विटेजवळ आली की खो म्हणायचं आणि विटेच्या वतीने आपणच पुढे पळायचं.

मी उभा राहिलेला पाहून कप्तान म्हणाला, "बगा सर, ही चौथी वीट लई मठ्ठ हाय. खो दिला तरी उठंना."

मुली हसल्या. मीही हसलो. अंधार पडायच्या आत मुली घरी गेल्या. कप्तानाने विटा उचलून एकावर एक रचल्या, वरची हाताने पुसली.

तर हा माणूस मला नीट कळला तो तालुक्याला क्रीडासंकुल मंजूर झाल्यावर. संकुलाच्या दालनात गावच्या नामवंत खेळाडूंचा संगमरवरी फलक लावायचं ठरलं आणि त्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष पुढारी होते, उपाध्यक्ष त्यांचे मेहुणे. मी निवृत्त झालो होतो आणि माझं शुद्धलेखन चांगलं असल्याची अफवा होती, म्हणून मी सचिव. पहिल्याच बैठकीत ठराव झाला, की पुराव्याशिवाय कुणाचंही नाव घ्यायचं नाही. या ठरावाने पैलवान गेला, सायकलपटू गेला, व्हॉलीबॉलचा अख्खा संघ गेला. उरली खो-खोची बारा नावं, कारण त्यांच्याकडे कागद होते.

त्याच आठवड्यात कप्तान माझ्या घरी आला. तो कधी कुणाच्या घरी जायचा नाही. ओट्यावर तसाच कडेला टेकला. पाणी प्याला. मग म्हणाला, "सर, माझं नाव येतंय का वो?"

मी म्हटलं, "बघतो."

"मला दुसरं काय नको. शाल नको, नारळ नको. पर आता पोरं इचारून राहिलेत. परवा एक म्हणलं, कप्तान, तुम्ही कशाचे कप्तान? नेटवर तर तुमचं नाव न्हाई. आता बगा, मी उद्या मेलो, तर लोक म्हणतील, म्हातारं उगंच कप्तान म्हणून घेत होतं. खोटं होतं म्हणतील."

पस्तीस वर्षांत त्याने गावाकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, सहज होईल. बारा साथीदार आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांनी लिहून दिलं की हा आमच्यासोबत खेळला, की झालं.

मी फोन लावले. सगळ्यांचा आवाज कप्तानाचं नाव ऐकून मऊ झाला. "अहो सर, कप्तान म्हणजे आमचा देव माणूस!" "त्यांच्यामुळंच तर आमची चूल पेटली!" मग मी म्हणायचो, एवढंच एका कागदावर लिहून पाठवा. मग पलीकडून उत्तरं यायची. मग गाडी चालवतोय, मग नेटवर्क नाही, मग सांगतो. शेवटी औरादकडे हवालदार असलेल्या एकाने सरळ सांगितलं.

"सर, हिशोब बगा. फॉर्मवर बारा. कप्तान खेळले म्हणलं की तेरा होतेत. मग त्या बारातला एक खेळला न्हाई असं होतंय. आणि सध्या प्रमाणपत्रांच्या पडताळण्या चालू हायत. एकाचं उकरलं की साऱ्याचीच फाईल निघतीय. आमची पेन्शन तोंडावर आलीय. कप्तानाला सांगा, मनातून आम्ही त्यांच्यासोबतच हाव."

मनातून सोबत असलेल्या माणसांची यादी मोठी झाली. कागद एकही आला नाही.

आणि मग एका रविवारी दुपारी बालाजी आला. आता तो बालाजीराव होता, नांदेडला एका सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. मला वाटेतून फोन करून म्हणाला, तुम्हीही चला. कप्तानाच्या दारात त्याची गाडी गल्लीएवढीच रुंद झाली. कप्तान खांबांना टेकून बसला होता, तो उठला.

"या साहेब," म्हणाला. मग जवळून पाहून, "बाळ्या, केस गेले की रे सगळे!"

बालाजीराव खाली सतरंजीवर बसले. दोन्ही हात मांडीवर. चहा झाला. थोडा वेळ त्यांनी खोलीकडे पाहिलं, एकाच ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कप्तान, मी लिहून देतो. तुम्ही खेळलात, मी न्हाई खेळलो. जे व्हायचं ते होऊ द्या. हा कागद माझ्या छातीवर बसलाय पस्तीस वर्षं."

कप्तानाने विचारलं, "निवृत्तीला किती राहिलं?"

"चौदा महिने."

"पोरीचं जमलं म्हणं?"

"हाव. माघात लग्न हाय. मुलगा डॉक्टर हाय."

"चांगलं झालं." कप्तानाने कप उचलून बाजूला ठेवले. "तू वर्षभर पळालास का न्हाई सकाळी? धुक्यात? पाय मुरगळला म्हणून काय तू गडी न्हवतास? फॉर्म मी भरला, चूक माझी. काय लिहू बिहू नको. जा, उन्हाच्या आधी नीघ."

ऊन तर केव्हाच झालं होतं. बालाजीराव त्याच्या पाया पडले, डोळे पुसले, आणि गेले. गाडी गल्लीतून उलटी काढायला बराच वेळ लागला. कप्तान दारात उभा राहून हाताने दाखवत होता, "येऊ दे, येऊ दे, डावीकडं, बस."

गाडी गेल्यावर तो आत येऊन बसला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "माणूस चांगला आहे. लिहून द्यायला तयार होता."

"व्हय," कप्तान म्हणाला. "पर पेन न्हाई काढला, सर."

त्या एका वाक्याखेरीज या विषयावर तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. रागाने नाही. काट्यावरचा आकडा सांगावा तसं सांगितलं त्याने, आणि तो आकडा बरोबर होता.

मला ठराव मांडता आला असता. सचिवाला एवढं करता येतं. मी बैठकीत विषय काढला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "सर, सगळं गाव ओळखतं की कप्तानाला. त्याला फलकाची काय गरज?" मला उत्तर सुचलं ते घरी आल्यावर. मग दुसरी अडचण निघाली. बारा नावं कोरायची, तर त्यांत संघनायक कोण? बारा प्रमाणपत्रांवर तसा कुणीच नव्हता, आणि फॉर्मवरची ती झोकदार सही समितीपुढे नव्हती. यावर अर्धा तास चर्चा होऊन संघाला नायक नव्हता असं ठरलं, आणि मी ती ओळ खोडली. खोडताना माझं अक्षर चांगलं आलं.

फलकाच्या अनावरणाला मंडप होता, फेटे होते, गावभर फ्लेक्स होते. फ्लेक्सवर खेळाडूंपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. बारापैकी चौघे आले. बालाजीरावांचा निरोप आला, की मीटिंग आहे. प्रात्यक्षिक सामना ठेवला होता, म्हणून मैदान आखायला अर्थातच कप्तानाला सांगितलं होतं. पहाटेपासून त्याने इतकं सुंदर मैदान आखलं, की रेषेवर पाय द्यायला मन होईना. मग पाहुण्यांचा ताफा आला. चालकांना मोकळी जागा दिसली, त्यांनी गाड्या तिथेच लावल्या. सामना रद्द झाला. पाहुण्यांना उशीर झालाच होता, त्यामुळे कुणाला फारसं लक्षातही आलं नाही. "या बारा वीरांनी अहमदपूरचं नाव अजरामर केलं," असं पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या. कप्तानही मंडपाच्या दोरीपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचे हात फक्कीने पांढरे होते, प्रत्येक टाळीला थोडी धूळ उडत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो गेला. झोपेत गेला, मोंढ्यातल्या लोकांना दोन दिवसांनी कळलं. समारंभानंतर मी नांदेडला मुलाकडेच राहिलो होतो, त्यामुळे मला तो शेवटचा दिसला तो त्या समारंभाच्या दुपारीच. जेवणं चालू होती. मी पान घेऊन कडेला आलो तर गाड्या निघून गेल्या होत्या, आणि चाकांनी विस्कटलेल्या त्या मैदानावर कप्तान एकटा, डबा हातात धरून, वाकून पुन्हा रेषा ओढत होता. मी हाक मारली, "कप्तान, जेवून घ्या आधी!" त्याने हात वर केला, बहुधा ऐकू आलं म्हणून, आणि रेष पुरी करायला पुढे गेला. सामना होणार नव्हता, हे त्याला मीच सांगितलं होतं.

फलकाच्या दालनाला त्याच संध्याकाळी कुलूप लावलं. विजेचं मीटर अजून मंजूर व्हायचं आहे. खिडकीच्या काचेला डोळे लावून मी एकदा पाहिलं, आत अंधार होता आणि कुणाचंच नाव वाचता येत नव्हतं.